सोळा मेंढ्यांची भूल

३ सप्टेंबर

हाल्दिस म्हणाली, प्रयोगाची वही वेगळी आणि स्वतःची वही वेगळी ठेव, एकीत दुसरी मिसळली की दोन्ही वाया जातात. म्हणून ही दुसरी. या वहीत मी काहीही लिहिलं तरी तिला चालेल, असं तिला म्हणायचं होतं बहुतेक. प्रोफेसर लोकांचं काही सांगता येत नाही.

तर सोळा मेंढ्या. आठांना शिरेतून भूल द्यायची, आठांना गॅसची. प्रत्येकीला तासभर झोपवायचं. कापायचं काहीच नाही. नुसते ठोके, दाब, श्वास मोजायचे आणि मग उठताना बघायचं. कोण नीट उठते, कोण धडपडते. उठण्यावरच सगळं आहे, झोपवायला काय, कुणीही झोपवतं.

मला काय हवंय ते इथे लिहून टाकते, कारण तिकडच्या वहीत त्याला रकाना नाही. मला शिरेतली भूल जिंकायला हवीय. आई उत्सिरा बेटावर चाळीस मेंढ्या सांभाळते. तिथे डॉक्टर येतो तो बोटीने, हातात एक बॅग घेऊन. गॅसचं मशीन बोटीत बसत नाही. बॅगेतल्या औषधाने मेंढी तितकीच छान उठते हे मी कागदावर दाखवू शकले, तर त्या बॅगेला कुणी हसणार नाही. एवढंच. हे काही पाप नाही.

१० सप्टेंबर

पहिली झाली. गॅस.

आम्ही एवढी काळजी घेतलीय की मला माझाच अभिमान वाटतो. कुठली मेंढी कुठल्या गटात हे बंद पाकिटात असतं, मी सकाळी फोडते. सगळ्यांच्या मानेवर एकाच जागची लोकर काढायची, सगळ्यांच्या घशात नळी घालायची, सगळ्यांना तीच निळी पट्टी. औषधाच्या पंपावर टॉवेल. मशीन दोन्ही गटांना जोडायचं, शिरेतल्या गटाला त्यातून नुसता ऑक्सिजन. कारण पलीकडे उठायच्या खोलीत गौटे बसलेला असतो, घड्याळ आणि कार्ड घेऊन, वर भिंतीवर व्हिडिओ कॅमेरा चालू, आणि त्याला काही कळता कामा नये. त्याने फक्त मेंढी बघायची आणि गुण द्यायचा. एक म्हणजे सकाळी कुरणात उठावी तशी उठली. पाच म्हणजे भिंतीला धडका.

गौटे इथे तीस वर्षं मेंढ्या सांभाळतोय. एकसष्ट वर्षांचा, कान लाल, बोलणं कमी. मी गाडा ढकलत नेला तर त्याने मेंढीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आपलं तोंड जवळ नेलं, मग तिला छातीवर नीट बसवलं, मान वर, लाळ बाहेर गळेल अशी.

तिरिल (आमची नर्स, जिभेला हाड नाही) म्हणाली, "मुका घेतोय बघ. बायकोला एवढे घेतले नसतील."

"बायको गेली त्याची."

"मग तर घेऊ दे."

गुण: एक.

१९ सप्टेंबर

चार झाल्या. गॅस एक, गॅस एक. शिरेतली चार, शिरेतली तीन.

चार मेंढ्यांवरून काही म्हणायचं नसतं. मी म्हणत नाहीये. लिहितेय.

२४ सप्टेंबर

आज ऐकलं.

पाच नंबरची, गॅसवाली. मी तिला देऊन परत फिरले, दाराशी हातमोजा पडला म्हणून वाकले. आतून गौटेचा आवाज आला. मेंढीशीच बोलत होता. "गॅसवाली बाई तू. म्हणजे पंधरा मिनिटांत उभी राहणार. थांब, दार लावून घेतो."

मेंढीने अजून डोळेही उघडले नव्हते.

मी तशीच वाकून राहिले. कंबर धरली. त्याला माहीत आहे. पाकीट माझ्या खिशात होतं, चुरगळलेलं, आणि त्याला माहीत आहे.

गुण अर्थातच एक.

२६ सप्टेंबर

सप्टेंबरचा शेवटचा गुरुवार, म्हणजे कॅन्टीनमध्ये मेंढीचं मटण आणि कोबी. सहा नंबरचीला शिरेतून भूल दिली, गुण चार, हात धुतले आणि ताट घेऊन बसले. गौटे समोरच्या टेबलावर दुसऱ्यांदा वाढून घेत होता. शांत माणूस. एवढं माहीत असून माणूस एवढा शांत कसा जेवतो?

रात्रभर हिशेब करत होते, कुठून कळत असेल. पाकीट? मी सोडून कुणी उघडत नाही. टॉवेल? खोलीला खिडकी आहे पण दुधी काचेची. मशीनचा आवाज? दोन्हीकडे सारखा. मग माणूस. माणूस उरतो नेहमी.

१ ऑक्टोबर

सापळा लावला. मला लाज वाटायला हवी होती, पण मजा वाटली.

सात नंबरची शिरेतली होती. मी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात "७ — गॅस" लिहिलं आणि ती कॉरिडॉरमध्ये, गौटेच्या जॅकेटच्या खुंटीखाली टाकली, चुकून पडल्यासारखी. तो आला, चिठ्ठी उचलली, बघितली, माझ्या हातात आणून दिली. "तुझा कागद पडला. असं टाकत जाऊ नकोस, मी वाचतो ना."

मी म्हटलं, अरे बापरे, सॉरी.

आता त्याने गॅस समजून एक द्यायला हवा होता. चार दिला.

म्हणजे चिठ्ठीवर त्याचा विश्वास नाही. म्हणजे त्याच्याकडे चिठ्ठीपेक्षा पक्की खबर आहे. म्हणजे तिरिल.

३ ऑक्टोबर

तिरिल आणि मी एकाच खोलीत असतो, तिला तर सगळं दिसतंच. आणि ती गौटेच्या शेजारच्या गावची. दोघं एका गाडीतून येतात.

आज आठ नंबरचीच्या वेळी (गॅस) तिला म्हटलं, तू उठायच्या खोलीकडे जायचंच नाही, गाडा मीच नेणार, आणि तासाभरात फोन पण नको.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच औषध घेतलंय. "काय झालंय सिन्ने?"

"काही नाही. पद्धत कडक करतेय."

"गौटेबद्दल आहे ना? तो ओळखतो असं मलाही वाटतं. मग विचार की त्याला."

"विचारलं तर तो सांगेल का?"

"न विचारता तर नक्कीच नाही सांगणार."

हे असं उडवून लावणं म्हणजेच काहीतरी आहे. फोन दिला तिने. माझ्या खिशात तासभर तो थरथरत होता, तिच्या आईचे मेसेज, वॅफलचं भांडं कुठे ठेवलंस वगैरे.

गुण: एक. तिरिल माझ्या शेजारीच होती, पूर्ण वेळ. मग कसं?

१० ऑक्टोबर, उत्सिरा

सुट्टी. वारा. आईला सगळं सांगितलं.

ती बटाटे सोलत होती. "गॅसवाल्या खरंच चांगल्या उठत असतील तर?"

मी म्हटलं, मुद्दा तो नाहीये, त्याला कळता कामा नये हा मुद्दा आहे.

"हो, पण चांगल्या उठत असतील तर?"

आईला शास्त्र समजत नाही.

१५ ऑक्टोबर

नऊ. गॅस. दोन. (एकाऐवजी दोन. मला दाखवायला दिला असेल का, वेगळा वाटावा म्हणून?)

मीटिंगमध्ये हाल्दिसने सांगितलं की जानेवारीपासून जनावरं सांभाळणाऱ्यांची एक जागा कमी होणार. नाव घेतलं नाही. सगळे आपापल्या कपात बघत होते. गौटे खिडकीतून बाहेर बघत होता, तिथे एक मेंढी दगडी कुंपणावर पुढचे पाय ठेवून उभी होती. तो उठला, बाहेर गेला, तिला खाली उतरवलं आणि परत येऊन बसला. कोट ओला.

१७ ऑक्टोबर

दहा. शिरेतली. पाच. भिंतीला धडकली, ओठ फुटला. मी आत गेले तेव्हा गौटे तिचं डोकं मांडीत घेऊन बसला होता, त्याच्या पॅंटवर रक्त.

मी मिश्रण अगदी बरोबर केलं होतं. दोनदा तपासलं. हे पाच मला नको होतं. पण रक्त तर खरं होतं.

२२ ऑक्टोबर

सकाळी हाल्दिसने बोलावलं. आतापर्यंतचे आकडे तिच्या स्क्रीनवर होते. "शिरेतली अशीच चालली तर तुझ्या प्रबंधातलं हे प्रकरण चार पानांत संपेल," ती म्हणाली. "आणि निष्कर्ष असा की सगळ्यांना माहीत होतं तेच." मग कुणाचा तरी फोन आला, तिने मला हाताने जा म्हटलं.

मी शेडमागे जाऊन डबा उघडला. तपकिरी चीज लावलेला ब्रेड तसाच ठेवला. गौटे आला. तो नेहमी तिथेच खातो, मला माहीत नव्हतं. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून माझ्यापुढे धरली.

"चेहरा का असा?"

"वारा लागलाय."

"वारा लागला की डोळे लाल होतात, खरंय." थोड्या वेळाने म्हणाला, "तुझ्या बेटावरचा डॉक्टर अजून तीच बॅग घेऊन येतो का?"

मला दचकायला झालं. बेटाचं मी त्याला कधी सांगितलं? तिरिलने सांगितलं असणार. म्हणजे माझ्याबद्दल बोलतात.

"तुला काय करायचंय," मी म्हटलं. जरा जास्तच तुसडेपणाने म्हटलं.

दुपारी अकरा नंबरची. शिरेतली. मी गाडा दिला, त्याच्याकडे बघितलंही नाही.

गुण: दोन.

दोन! शिरेतल्या मेंढीला दोन. मी कार्ड तीनदा वाचलं. आज त्याला कळलं नाही. कुणास ठाऊक का, पण आज त्याची खबर पोचली नाही, आणि बघा, न कळता दिलेला गुण कसा येतो. हाच खरा आकडा. पहिला प्रामाणिक आकडा.

२४ ऑक्टोबर

बारा. गॅस. एक. पुन्हा जुनं सुरू.

अकरा नंबरने सगळं उघडं पाडलंय. आता गप्प बसणं म्हणजे मीही त्यात सामील होणं.

२५ ऑक्टोबर

पाठवलं. इथे उतरवून ठेवते, नंतर मी वेगळंच लिहिलं होतं असं मला वाटायला नको.

"प्रिय हाल्दिस, बारापैकी बहुतेक वेळा नोंद घेणाऱ्याला मेंढी कुठल्या गटातली आहे हे आधीच माहीत होतं, असा माझा पक्का समज झाला आहे. २४ सप्टेंबरला मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. हे त्याला कसं कळतं ते मी शोधू शकले नाही. शिरेतल्या भुलीबद्दल त्याचं मत आधीपासून वाईट असावं. गॅसच्या मेंढ्यांना तो सतत चांगले आणि शिरेतल्यांना वाईट गुण देतो. फक्त अकरा नंबरच्या मेंढीचा गुण मला प्रामाणिक वाटतो. उरलेल्या चार मेंढ्यांसाठी त्याला या कामातून काढावं आणि आधीचे व्हिडिओ बाहेरच्या कुणाकडून तपासून घ्यावेत. सिन्ने."

पाठवल्यावर लक्षात आलं, त्याचं नाव कुठेच लिहिलं नाही मी. नोंद घेणारा. तसं लिहायचीच पद्धत आहे.

२८ ऑक्टोबर

गौटेला उठायच्या खोलीतून काढलं. हाल्दिसने त्याला काय सांगितलं माहीत नाही. तो कुंपणाचे दगड लावतोय, वाऱ्यात. तिरिल माझ्याशी फक्त आकडे बोलते. एकशे दहा. अठ्ठ्याण्णव. चिमटा दे.

उरलेल्या चार मेंढ्या थांबवल्यात. व्हिडिओ बर्गेनच्या एका डॉक्टरकडे गेलेत, आवाज बंद करून, क्रम बदलून, नुसते नंबर.

कॉफीच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, चला, आता ती एक जागा कुणाची ते ठरवायला सोपं झालं. मी आत होते हे त्याला दिसलं नव्हतं. किंवा दिसलं होतं.

८ नोव्हेंबर

बर्गेनहून आले.

बारापैकी अकरा तंतोतंत गौटेसारखेच. ज्या गॅसवालीला त्याने दोन दिला, तिला तिथेही दोन. जिला पाच, तिला पाच.

फक्त अकरा नंबर वेगळी. गौटे दोन, बर्गेन चार.

त्या दिवशी कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब होता बहुतेक. नाहीतर कोन चुकला असेल. मी व्हिडिओ लावून बघितला. काच स्वच्छ दिसते. पण थेंब कडेला असू शकतो.

हाल्दिस एवढंच म्हणाली, "म्हणजे त्याने नीट बघितलं होतं."

मी म्हटलं, "पण त्याला माहीत होतं."

"हो. ते तू शोधून काढ. आणि लवकर. पंधरवड्यात मला कमी होणाऱ्या जागेचं नाव वर कळवायचंय, आणि तुझं पत्र त्या फायलीत आहे."

१२ नोव्हेंबर

शेडमध्ये गेले होते, दुसऱ्या कळपाच्या रक्ताच्या नळ्या आणायला. गौटे तिथे होता, पाठमोरा. एका म्हाताऱ्या मेंढीचं तोंड धरलं, जवळ नेलं, सोडलं. दुसरीचं धरलं. मग तिसरीचं. ओळीने. मुके घेत नव्हता. नाक लावत होता.

मी विचारलं. शेवटी विचारलंच. "काय बघतोस?"

त्याने वळूनही बघितलं नाही. "चारा कमी पडला की रक्तात काहीतरी होतं ना, तुम्ही त्याला मोठं नाव देता. तोंडाला वास येतो. नेलपॉलिशसारखा. पोटात दोन कोकरं असली की हमखास. वास आला त्या दिवशी गूळपाणी पाजलं तर वाचते, दुसऱ्या दिवशी नाही वाचत. माझा बाप बघायचा. सवय लागते."

"आमच्या मेंढ्यांचापण बघायचास?"

"तुमच्या तर बघायलाच हवा. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवता."

मी उभीच. नळ्या खाली ठेवल्या.

"मग गॅसवाल्यांचा..."

"गॅसवाल्यांचा दवाखान्यासारखा येतो. गोड, कुबट. अर्धा तास तरी राहतो. तुम्हाला येत नाही?"

नाही येत. आम्ही दिवसभर त्याच खोलीत असतो. टॉवेल, दुधी काच, पाकिटं, पट्ट्या, फोन. आणि मेंढी सगळं तोंडातून सोडत होती, उच्छ्वासाबरोबर, आणि मी स्वतःच्या हाताने गाडा ढकलत ती खबर त्याच्या नाकापर्यंत नेत होते.

"तू सांगितलं का नाहीस? की तुला ओळखू येतं म्हणून."

"मला वाटलं सगळ्यांना येतं," गौटे म्हणाला. "लपवालपवी कागदासाठी करता असं वाटलं."

१३ नोव्हेंबर

हाल्दिसला लिहून कळवलं. तिरिलची माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल? फोनबद्दल की माझ्याबद्दल?"

"दोन्ही."

"फोनबद्दल माफ."

१४ नोव्हेंबर

गौटेकडे गेले. घर लहान, चुलीजवळ दोन खुर्च्या, एकीवर वर्तमानपत्रांचा ढीग. त्याने ढीग जमिनीवर ठेवला, कॉफी टाकली.

मी म्हटलं, मी चुकले. लांबलचक बोलले बरंच. त्याने मध्ये थांबवलं.

"पत्रात काय लिहिलं होतंस? हाल्दिसने नीट सांगितलं नाही. म्हणाली, पद्धतीबद्दल होतं."

"पद्धतीबद्दलच होतं."

"वाचून दाखव. फोनमध्ये असेल ना?"

होतं. मी वाचलं. स्वतःचं लिहिलेलं दुसऱ्याच्या घरात मोठ्याने वाचायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं. "पक्का समज" म्हणताना आवाज चिरकला. "त्याचं मत आधीपासून वाईट असावं" इथे तो म्हणाला, "माझं मत कुणी विचारलंच नव्हतं." मी पुढे वाचलं. "फक्त अकरा नंबरच्या मेंढीचा गुण मला प्रामाणिक वाटतो."

कप खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

"ते परत वाच."

वाचलं.

"तेवढाच खोटा होता," गौटे म्हणाला.

मला आधी कळलंच नाही.

"चार वेळा पडली ती. चार द्यायला हवा होता. पण तू दुपारी शेडमागे बसली होतीस ना. तिरिल म्हणाली होती, तुझं त्या बॅगेवर किती आहे ते. म्हटलं, सोळातली एक. एकीने काय होतंय." त्याने कपाकडे बघत म्हटलं, "तीस वर्षांत एकदा. तेही नेमकं तूच पकडलंस, उलट्या बाजूने."

मग मी विचारलं, हे कुणाला सांगितलंस का.

"तुला."

"सांगायला हवं का?"

"तू शिकलेली आहेस, तूच सांग."

सांगितलं तर मी ज्याबद्दल त्याला बोल लावला होता ते खरंच त्याने केलंय, लेखी. फाईल उघडी आहे. नाही सांगितलं तर अकरा नंबर दोनच राहते आणि कॅमेऱ्यावर थेंब राहतो.

निघताना त्याने दारात म्हटलं, "लिहायचं तर लिही. पण का केलं तेही लिही. नुसतं केलं एवढंच लिहू नकोस."

१५ नोव्हेंबर

फॉर्ममध्ये कारणाला रकानाच नाही. "दुरुस्ती", "आधीचा आकडा", "नवा आकडा", सही. मी समासात लिहिलं. शिस्तीला सोडून आहे, असू दे.

"मेंढी क्रमांक ११. आधीचा गुण २, खरा गुण ४. गुण देणाऱ्याने जाणूनबुजून कमी दिला. कारण: प्रयोग करणारीला कुठला निकाल हवा आहे हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिने ते लपवलं नव्हतं. बाकी अकरा गुणांत त्याने तिच्या इच्छेविरुद्ध खरं लिहिलं आहे. २५ ऑक्टोबरच्या पत्रातलं मी केलेलं प्रत्येक विधान मागे घेते, त्यातलं अकरा नंबरबद्दलचं विधान सर्वांत आधी."

पाठवायच्या आधी तिरिलला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. "यात तूच जास्त अडकतेस की," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

पाठवलं.

२० नोव्हेंबर

हाल्दिसने दोघांना एकत्र बोलावलं. गौटे दाराजवळच उभा राहिला, बूट ओले होते म्हणून.

ती म्हणाली, बारा मेंढ्या बाद. सगळं पुन्हा करायचं, सोळाच्या सोळा, जानेवारीपासून. माझा प्रबंध वर्षभर पुढे. बर्गेनचा डॉक्टर व्हिडिओवरून गुण देईल आणि गौटेही देईल, वास अडवणारा कोळशाचा मास्क नाकाला लावून, दोघांचं जुळतं का बघायला. "अकरा वेळा खरं सांगणारा माणूस मला दुसरा मिळायचा नाही," ती म्हणाली. "बाराव्या वेळेबद्दल मी तुझ्याशी वेगळं बोलणार आहे, गौटे."

"बोल."

"आत्ता नाही."

आणि प्रयोग चालू असेपर्यंत त्याची जागा कमी करता येणार नाही, तसं तिने वर कळवलंय. म्हणजे एक वर्ष. नंतरचं नंतर. माझं एक वर्ष गेलं आणि त्याला एक मिळालं. हाल्दिसने हे मुद्दाम असं जुळवलं का, याचा मी जिना उतरताना विचार करत होते, मग म्हटलं, पुरे आता.

जिन्यात गौटेला म्हटलं, "तुझं राहिलं. मला बरं वाटतंय."

त्याने मान हलवली. बाहेर पडून कुंपणाकडे गेला.

१४ जानेवारी

दुसऱ्या फेरीतली पहिली. पाकिटात काय होतं ते इथे लिहीत नाही, वर्ष संपेपर्यंत कुठेच लिहिणार नाही.

सकाळी आरशात चेहरा बघून गेले. काही दिसू नये असा ठेवायचा प्रयत्न केला. तिरिल म्हणाली, "पोट दुखतंय का?"

मेंढी तासभर झोपली. नळी काढली, गाडा ढकलत नेला. गौटे मास्क लावून उभा होता, काळे पट्टे लाल कानांवरून मागे घट्ट आवळलेले. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग." मी आत पाऊल टाकलं तेव्हापासूनच तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, हे मला तेव्हा लक्षात आलं. गाडा जवळ येईपर्यंत तसाच राहिला. मग मागे न बघता हात मागे करून गाड्याची दांडी चाचपली, धरली, आणि मेंढी आपल्या पुढ्यात ओढून घेतली.

मी बाहेर जाईपर्यंत त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

बरोबर आहे ते. तसंच करायला हवं. पद्धतीत हे मीच लिहायला हवं होतं, ते राहून गेलं होतं.